जुना शेकर आणि बारावं प्रथिन

मित्रांनो, परभणीतल्या आमच्या प्रयोगशाळेचं दार उघडून आत आलात, तर खिडकीखाली एक फिकट हिरवा, बसका पेटारा दिसेल. तो मी. नवीन आलेली मुलं मला कपडे धुण्याचं यंत्र समजतात. एका पाहुण्यानं तर माझ्या झाकणावर जेवणाचा डबा मांडला होता. मला राग येत नाही. माझं नाव शेकर. वयानं मी जुना झालो आहे, एका कोपऱ्याला गंज चढला आहे, पण काम अजून सोडलेलं नाही.

काम तसं साधं आहे. काचेच्या चंबूंत जिवाणूंचं पातळ खाणं भरतात, त्यात जिवाणू सोडतात आणि ते चंबू माझ्या पोटातल्या तबकावर अडकवतात. मी ते तबक गोल गोल हलवत राहतो. चहात साखर विरघळवायला आपण पेला धरून हलवतो ना, तसं. हलवलं नाही तर जिवाणू तळाशी बसतात आणि गुदमरतात. शिवाय सांगितलेली ऊब किंवा सांगितलेला गारवा मला सांभाळावा लागतो. ऊब सगळेच शेकर सांभाळतात. गारव्यासाठी मात्र पोटात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर लागतो. तो माझ्यात आहे.

पुण्याकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जाड पत्रा कापला, वाकवला, जोडला. मोटर बसवली, पट्टा चढवला. पाण्यानं भरलेले चंबू घालून मला किती तरी दिवस नुसतंच हलवून पाहिलं, कुठं खडखडतंय का म्हणून. मग एका ट्रकमधून मी परभणीला आलो. प्रयोगशाळा जनावरांच्या आजारांवर काम करणारी. मला उतरवून घेतलं, नारळ फोडला, झाकणावर हळदकुंकू वाहिलं. पुढची अनेक वर्षं दर दसऱ्याला माझ्या गळ्यात, म्हणजे झाकणाच्या कडीत, झेंडूची माळ असायची. घटसर्पाच्या लसीचे प्रयोग माझ्यात झाले. माझ्या भरवशावर मुलं पदव्या घेऊन गेली.

मग नवीन शेकर आला. पांढराशुभ्र, बोट लावलं की उजळणाऱ्या पडद्याचा. मला ओढत ओढत खिडकीखाली नेलं. माझ्यावर परीक्षानळ्यांची रिकामी खोकी चढली, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे चढले. एका पालीनं माझ्या मागच्या जाळीत अंडी घातली आणि तिची पिल्लं तिथंच मोठी झाली. कुणी मला वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही.

अशात सुकेशनी आली. ती सोनपेठची. वडील सिद्धोधन तिथल्या शाळेत शिक्षक. जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी तिनं घेतली होती आणि आता पुढच्या संशोधनासाठी सत्यशीला मॅडमच्या हाताखाली दाखल झाली होती. पदवीच्या शेवटच्या वर्षी काही महिने ती येलदरीकडच्या एका दवाखान्यात होती. धरणाच्या कडेनं शेळ्यामेंढ्या पाळणारी बरीच घरं आहेत. तिथं एका हंगामात शेळ्यांमागून शेळ्यांनी गाभ टाकला. आठवड्यात बाजार दाखवायची म्हणून पोसलेली शेळी सकाळी उठून बघावी तर शेजारी मेलेलं करडू पडलेलं. लोक बाहेरची बाधा म्हणत होते. सुकेशनीला आजाराचं नाव माहीत होतं, पण कुठली शेळी आजारी आणि कुठली चांगली हे ठामपणे सांगता येत नव्हतं. ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

त्या आजाराच्या जिवाणूचं नाव ब्रुसेला. आजारी शेळीची वार उघड्या हातांनी उचलली किंवा कच्चं दूध प्यालं की तो माणसालाही गाठतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. सांधे धरतात. हा जिवाणू मोठा चलाख आहे. शरीरातल्या पहारेकरी पेशी त्याला गिळतात, तरी तो मरत नाही. तो एक बारीक नळी उभी करतो आणि तिच्यातून पेशीत आपला माल सोडतो. पेशी गोंधळते आणि जिवाणू तिच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. या नळीला शास्त्रज्ञ स्रावयंत्रणा म्हणतात. ती बऱ्याच प्रथिनांची मिळून बनते आणि त्या प्रथिनांना क्रमांक दिलेले आहेत. सुकेशनीनं निवडलं ते बारावं.

का, तेही सांगतो. शेळीला हा आजार झाला की तिचं रक्त या बाराव्या प्रथिनाला ओळखायला लागतं. नेहमीची स्वस्त तपासणी जिवाणूच्या वरच्या सालीवर चालते. पण तशीच साल दुसऱ्या काही साध्या जिवाणूंनाही असते, म्हणून ती कधी कधी धडधाकट शेळीवरही बोट ठेवते. बाराव्या प्रथिनाची तशी गफलत होणार नाही, असं सुकेशनीला वाटत होतं. ते शुद्ध स्वरूपात हाती आलं, तर त्यावर शेळीच्या रक्तातलं पाणी टाकून रंग येतो का पाहायचं. रंग आला तर आजारी, नाही आला तर निरोगी.

खरा ब्रुसेला आमच्या खोलीत आणत नाहीत, तो फार घातकी. फक्त बाराव्या प्रथिनाची कृती सांगणारा जनुकाचा एक तुकडा एका निरुपद्रवी जिवाणूत घातला होता. तो जिवाणू वाढवायचा, त्याच्याकडून प्रथिन करवून घ्यायचं आणि गाळून शुद्ध करायचं. इतकंच.

पण ते होईना. नव्या शेकरात सदतीस अंशांवर जिवाणू भराभर वाढायचे, प्रथिनही ढीगभर करायचे, पण अशा घाईनं की त्याला नीट आकारच यायचा नाही. नासलेल्या दुधासारखे गोळे होऊन ते नळीच्या तळाशी बसायचं. अशा गोळ्यांना रक्त ओळखत नाही. सुकेशनीनं खाणं बदललं, मीठ बदललं, चंबू बदलले. महिने गेले. बरोबरीची मुलं तिला चिडवायची, "काय सुकेशनी, यंदा तरी बारावी निघंल का?" तीही हसायची. एकटी असली की मात्र नळी उजेडात धरून त्या पांढऱ्या साक्याकडे बघत उभी राहायची.

एकदा मॅडमनी ती नळी तिच्या हातातून घेतली.

"फार घाई करायलेत हे जिवाणू. गार कर त्यांना. अठरा अंशांवर ठेव, बसू दे रेंगाळत. थोडं करतील, पण नीट करतील."

"मॅडम, नवा शेकर नुसता तापतो. बाहेर बेचाळीस डिग्री हाय, त्यो अठरावर कसा येईल?"

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. ती खोक्यांच्या ढिगावर थांबली.

"अगं, त्या खाली आपला जुना हाय की. त्याला कॉम्प्रेसर होता."

मित्रांनो, खोकी उतरली तेव्हा माझ्या झाकणाला किती तरी वर्षांनी वारा लागला. रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला फ्रीज दुरुस्त करणाऱ्या रामकिशनला बोलावलं. त्यानं मागची जाळी काढली, पालीचा संसार बाहेर केला, नळीला कान लावला.

"कॉम्प्रेसर जिता हाय मॅडम, गॅस उडालाय नुसता. अन् पट्टा पार वाळून गेलाय. पत्रा बगा पन कसला हाय! आता असला माल येत न्हाई."

त्यानं गॅस भरला, नवा पट्टा चढवला. दुपारपर्यंत माझ्या पोटात गारवा धरू लागला. सुकेशनीनं मला आतून बाहेरून पुसलं, चंबू अडकवले आणि कळ फिरवली. मी हललो. सुरुवातीला जरा कुरकुरलो, मग लय सापडली.

दुसऱ्या दिवशी तिनं जिवाणू फोडले, गाळ खाली बसवला आणि वरचं पाणी पाहिलं. नितळ होतं. ते पाणी गाळून शुद्ध करतात आणि त्यात प्रथिन आहे का हे जेल नावाच्या एका पारदर्शक वडीवर तपासतात. प्रथिन असलं की ठरलेल्या जागी निळी रेघ उमटते. रेघ उमटली. जाड, एकटी, सरळ. मॅडम म्हणाल्या, "निघाली बाई बारावी!" आणि चिडवणाऱ्या मुलांनीच पेढे आणले. मलाही एक पेढा दाखवला.

त्यानंतरच्या खेपाही चांगल्या निघाल्या. खात्रीच्या आजारी आणि खात्रीच्या निरोगी शेळ्यांच्या रक्तावर पडताळणी झाली आणि उत्तरं बरोबर आली. आता खऱ्या कळपाकडे जायला हरकत नव्हती.

तो कळप ग्यानबा आणि मनकर्णाबाईचा. येलदरीच्या धरणाजवळच्या एका वस्तीवर त्यांचं घर. सुकेशनी दवाखान्यात होती तेव्हापासूनची ओळख. दोघं एसटीनं परभणीला आली ती थेट आमच्या खोलीत. ग्यानबा काठी टेकत स्टुलावर बसला. त्याच्या अंगावर मांस राहिलं नव्हतं.

"मामा, ताप अजून यायलाय का?" सुकेशनीनं विचारलं.

"गोळ्या चालू हायत बाई. मोठ्या दवाखान्यात रगत तपासलं, तुमी म्हनला त्योच आजार निगाला. लय दिवस गोळ्या घ्या म्हनलेत."

"मंग मधीच सोडू नका. बरं वाटलं तरी घ्या."

मनकर्णाबाई बसली नव्हती. ती म्हणाली, "ह्येंचं चाललंय गोळ्यांवर. माझ्या शेरडांचं सांगा. दवाखान्यातल्या तपासणीत निम्मी शेरडं खराब म्हनलेत. येगळी बांदलीत. घेनारा दारात यायना. दूध कुनी घेईना. त्यात सून दैवशाला पोटुशी हाय, दिवस भरत आलेत. मी तिला गोठ्यात जाऊ देत न्हाई, पन माझ्या एकटीच्यानं कुटवर व्हावं? तुमच्या नव्या तपासणीत कळंल म्हनत्यात, खरी कोन खराब अन् खोटी कोन?"

"कळंल मावशी, असं वाटायलंय. पण हे अजून संशोधन हाय. आमच्या उत्तरावर सरकारी प्रयोगशाळेत पुन्हा खात्री करावी लागंल."

"करा. पन लौकर करा."

साऱ्या शेळ्यांचं रक्त आलं. तेवढ्या नमुन्यांना प्रथिनाची नवी खेप हवी होती. सुकेशनीनं चंबू भरले, मला अठरा अंशांवर लावलं आणि शनिवारी घरी गेली.

रविवारी प्रयोगशाळेला सुट्टी. भर उन्हात कुठंतरी रोहित्र जळालं आणि आमच्या सगळ्या भागाची लाइट गेली. माझा कॉम्प्रेसर थांबला, तबक थांबलं. खिडकीतून ऊन थेट माझ्या पाठीवर येत होतं. आतला गारवा बघता बघता सरला आणि चंबू कोमट झाले. संध्याकाळी लाइट आली, मी आपोआप सुरू झालो आणि सोमवारी सकाळपर्यंत माझा काटा पुन्हा अठरावर येऊन बसला. लाइट गेली की बोंबलणारी एक घंटा माझ्या पाठीमागं होती. तिचा आवाज कानाला टोचतो म्हणून फार पूर्वी कुण्या विद्यार्थ्यानं तिची वायर तोडली होती. ती पुन्हा जोडायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सुकेशनी आली, काटा पाहिला, चंबू काढून घेतले. जिवाणू फोडून गाळ खाली बसवला, तर वरचं पाणी नितळच दिसत होतं. प्रथिन गोळे होऊन गाळात गेलं की वर राहतं तेही नितळच असतं. त्या दिवशी ती घाईत होती. भाऊ पप्पूचा साखरपुडा होता, सोनपेठची गाडी गाठायची होती. आधीच्या सगळ्या खेपा चांगल्या निघालेल्या. तिनं या खेपेची जेलवरची तपासणी सोडून दिली. तपासणीच्या प्लास्टिकच्या थाळीतल्या बारीक वाट्यांत ते पाणी गाळून भरलं आणि पुढचं काम मैत्रीण वैष्णवीकडे दिलं.

वैष्णवी मनापासून काम करणारी मुलगी. तिनं वाट्यावाट्यांत शेळ्यांच्या रक्तातलं पाणी सोडलं, धुतलं, रंगाचं औषध घातलं आणि वाट बघत बसली. एकाही वाटीत रंग आला नाही. सारी थाळी पांढरी. आनंदानं तिचा चेहरा फुलला. नेमका तेव्हाच ग्यानबाचा फोन आला. टेबलावरचा सुकेशनीचा जादा फोन तिनं उचलला.

"मामा, सुकेशनी गावाकडं गेलीय. पण तुमचं काम झालं! एक पण शेळी खराब न्हाई. सगळ्या चांगल्या निघाल्यात!"

सुकेशनी परत आली ती साखरपुड्याचे लाडू घेऊन. वैष्णवीनं दारातच तिला मिठी मारली आणि थाळी पुढं केली. सुकेशनी हसत हसत थाळीकडे बघू लागली आणि तिचं हसू विरलं. थाळीच्या कडेची एक वाटी नेहमी खात्रीच्या आजारी शेळीसाठी राखून ठेवलेली असते. तिथं रंग यायलाच पाहिजे. ती वाटीही पांढरी होती.

"वैष्णवी, ही पण पांढरी?"

वैष्णवी वाकून पाहू लागली. "म्हणजे..."

"म्हणजे ही थाळीच आंधळी हाय. हिला काहीच दिसंना. आजारी पण दिसंना अन् चांगली पण. यात प्रथिनच न्हाई."

वैष्णवी म्हणाली, "मी मामांना फोनवर सांगितलं. सगळ्या चांगल्या म्हणून."

मग सुकेशनीनं लाडवांचा डबा बाजूला ठेवला आणि फोन लावला. ग्यानबाचा फोन लागेना. पुन्हा लावला, लागेना. त्या वस्तीवर टेकडीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही. वैष्णवी रडायला आली होती. "माझ्यामुळं झालं गं."

"खेप माझी होती. जेल मी केला न्हाई. तू मॅडमना सांग, मी निघाले."

तिनं हातमोजे, मास्क आणि औषधाची पेटी पिशवीत कोंबली आणि जिंतूरची गाडी पकडायला गेली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सांगितलं, तेव्हा ती माझ्या झाकणाला टेकून उभी होती. म्हणून मला माहीत आहे.

जिंतूरहून दुसरी गाडी, तिथून पुढं एका टमटमनं ती वस्तीवर पोचली. वेगळ्या बांधलेल्या शेळ्या कळपात मिसळल्या होत्या. गोठ्यात एक शेळी आडवी होऊन कळा देत होती आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन दैवशाला बसली होती. पदर खोचलेला, हात उघडे. सासूनं महिनाभर गोठ्यात येऊ दिलं नव्हतं, आता चांगली खबर आल्यावर ती मोकळेपणानं आली होती. सुकेशनी बांधावरूनच ओरडली, "वैनी, हात लावू नका! उठा तिथून, उठा आधी!"

दैवशाला घाबरून उठली. सुकेशनीनं हातमोजे चढवले आणि शेळी मोकळी केली. करडू मेलेलंच आलं. तिनं लांब खड्डा खणायला लावला, करडू आणि वार चुना टाकून पुरली, गोठ्याची जमीन औषधानं धुतली. दैवशालाचे हात कोपरापर्यंत साबणानं धुवून घेतले. एवढं झाल्यावर मनकर्णाबाई पुढं आली. मग ती बोलली.

"त्या पोरीनं फोनवर सांगितलं तवा मी मारुतीला नारळ फोडला बाई. तुमच्या शबुदावर शेरडं सोडली. तुमच्या शबुदावर सुनंला गोठ्यात जाऊ दिलं. अन् आता तुमीच म्हनायलात की उठ?"

"मावशी, चूक माझी हाय. ती तपासणी बरोबर झाली न्हाई. तुमच्या शेळ्या चांगल्या हायत का बिमार हायत, हे मला अजून माहीत न्हाई."

"माहीत न्हाई?"

"न्हाई."

ग्यानबा मध्ये पडायला गेला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"चांगलं सांगायला समदेच येत्यात. आता मला चांगलं सांगू नको. खरं कळंल तवा सांग, मग ते कसं का असंना."

एवढं बोलून ती आत गेली. सुकेशनीनं ग्यानबाच्या मदतीनं शेळ्या पुन्हा वेगळ्या केल्या, नव्यानं रक्त घेतलं. निघताना दैवशालाला दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला सांगितलं. ते उत्तर यायला दिवस लागणार होते. मॅडमना हे सांगताना सुकेशनीचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हात माझ्या झाकणाची कडी घट्ट धरून होता.

मॅडम रागावल्या, आणि रागवायलाच हवं होतं. "जेल केल्याशिवाय खेप वापरायची न्हाई, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दोघींनीबी पुन्हा शिका." मग त्यांनी रामकिशनला फोन लावला. या वेळी त्यानं मला पूर्ण फिरवून पाहिलं आणि घंटेची तुटलेली वायर दाखवली.

"ही बगा. हिनं बोंब मारली असती. पन बोंब मारायला कुनी तिला जीब ठिवली न्हाई."

वायर जोडली. लाइट गेली तरी चालावं म्हणून मला बॅटरी जोडली. खिडकीला जाड पडदा आला. वैष्णवीनं घरून गोधडी आणली आणि लाइट गेली की माझ्यावर टाकायची पद्धत सुरू केली. गोधडीनं माणसं ऊब धरून ठेवतात, माझा मात्र गारवा राहतो.

नवी खेप लावली. मधल्या काळात लाइट दोनदा गेली. घंटा अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. दोन्ही वेळा बॅटरीनं मला सांभाळलं. खेप निघाल्यावर सुकेशनीनं आधी जेल केला. निळी रेघ उमटली, तरी मॅडमनी तो पुन्हा करायला लावला.

थाळी लावायच्या दिवशी मनकर्णाबाई स्वतः आली. कुणी बोलावलं नव्हतं. "मला बगायचंय," एवढंच म्हणाली आणि स्टुलावर बसली. सुकेशनीनं तिला कडेच्या वाट्या दाखवल्या.

"मावशी, ही खात्रीनं बिमार शेळी. इथं रंग यायलाच पाहिजे. ही खात्रीनं चांगली. इथं येता कामा नये. ह्या दोन्ही बरोबर आल्या, तरच बाकीच्यांकडं बघायचं."

रंगाचं औषध पडलं. आजारी शेळीची वाटी पिवळी झाली. चांगलीची पांढरीच राहिली. मग थाळीत इथं तिथं पिवळे ठिपके उगवू लागले. वेगळ्या बांधलेल्यांपैकी बऱ्याच शेळ्यांच्या वाट्या पांढऱ्या राहिल्या. त्यांना उगाचच खराब ठरवलं होतं. पण काही पिवळ्या झाल्या. आणि त्यात एक होती चांदी, मनकर्णाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, तिच्या हाकेला येणारी.

"ही चांदीची?" तिनं बोट दाखवलं.

"व्हय मावशी."

"पुना बगा एकदा."

सुकेशनीनं पुन्हा पाहिलं. उत्तर तेच होतं. पुढं सरकारी प्रयोगशाळेतूनही तेच आलं.

पण त्या दिवशीच मनकर्णाबाईनं थाळी बाजूला सारली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जिंतूरच्या बाजारात इकली तर कुनी बी घिईल तिला. दिसती लय गुनाची. पन मंग ज्याच्या घरी जाईल त्याची सून बी अशीच बसंल तिला मांडीवर घिऊन." ती उठली. "न्हाई इकायची."

रंग आलेल्या शेळ्या बाजारात गेल्या नाहीत. जनावरांच्या डॉक्टरांनी नियमाप्रमाणं, त्रास न होऊ देता त्यांना संपवलं आणि खोल पुरलं. त्या दिवशी सुकेशनी तिथं गेली होती. परत आल्यावर ती मला पुसत बसली, आधीच स्वच्छ असताना. दैवशालाचं रक्त चांगलं निघालं. तिला मुलगी झाली. ग्यानबाच्या गोळ्या पूर्ण झाल्या आणि तो पुन्हा धरणाच्या कडेनं शेळ्या चारायला जाऊ लागला. उरलेला कळप वाढतो आहे.

सुकेशनीचा प्रबंध पूर्ण झाला. आता ती मानवतकडे जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. बाराव्या प्रथिनावरचं काम वैष्णवी पुढं नेते आहे. ते बाजारात मिळण्यासारखी तपासणी व्हायला अजून अवकाश आहे. मॅडम भेटणाऱ्या प्रत्येकाला तसं सांगतात.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, घरात जुनी यंत्रं असतील. ती वापरात असोत वा नसोत, त्यांच्यावर ओझी रचू नका. वर्षातून एकदा तरी त्यांची पाठ फिरवून बघा, काय तुटलंय, काय सुटलंय. आणि यंत्रानं तुमच्या मनासारखं उत्तर दिलं, तर त्याच्यावर लगेच खूश होऊ नका. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा एखादा प्रश्न त्याला विचारून पाहा. आमच्यासारख्यांना खोटं बोलता येत नाही, पण आम्ही बिघडू शकतो, आणि बिघडलो तरी बाहेरून तेच दिसतो.

परवाची गोष्ट. मानवतकडची कमलबाई नावाची एक बाई दारात उभी राहिली. हातात बर्फाचा डबा, डब्यात रक्ताच्या बाटल्या. तिच्याही शेळ्या गाभ टाकत होत्या. गावच्या दवाखान्यातल्या सुकेशनीनंच पाठवलं असेल असं मॅडमना वाटलं. त्यांनी विचारलं, तर कमलबाईनं मान हलवली.

"न्हाई बाई. येलदरीकडं माझ्या बहिनीचं सासर हाय. तिथल्या मनकर्णाबाईनं सांगितलं. म्हनल्या, तिथली पोरगी चुकली व्हती, अन् सोता घरी येऊन चुकले म्हनून सांगून गेली. म्हनून आले."

वैष्णवीनं पुढं होऊन तिच्या हातातला डबा घेतला. मग तिनं माझं झाकण उघडलं, चंबू एकेक करून अडकवले आणि काटा अठरावर आणला.